280 दिवसांची दीडशे वर्षं

नऊ महिने नऊ दिवस हा आपल्याकडचा गरोदरपणाचा ठोकळ हिशेब. 1872च्या भारतीय पुरावा कायद्याने कलम 112 मध्ये जवळपास तोच धरला: 280 दिवस. विवाह टिकून असताना, किंवा तो संपल्यावर 280 दिवसांत आणि आईने पुन्हा लग्न केलेलं नसताना जन्मलेलं मूल त्या पतीचंच, औरस. हे खोडायचं तर एकच वाट होती. गर्भ राहिला त्या काळात नवरा-बायकोला सहवासाची संधीच नव्हती, हे सिद्ध करायचं.

रक्ततपासणी आली आणि पोटगी टाळू पाहणाऱ्यांना दुसरी वाट दिसली. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की ऊठसूट तपासणी मागता येणार नाही. 2001 मध्ये तर नवरा-बायको एकत्र राहत असतील तर डीएनए अहवालही पुरेसा नाही, असं म्हटलं.

2014 मध्ये काटा उलटा फिरला. विदर्भातल्या एका दांपत्याच्या पोटगीच्या खटल्यात एकदा नव्हे, दोनदा डीएनए चाचणी झाली; दोन्ही अहवाल पतीच्या बाजूचे. कलम 112 लिहिलं गेलं तेव्हा अशी चाचणी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती, याकडे बोट दाखवत न्यायालयाने गृहीतकापेक्षा विज्ञानाला वरचढ मानलं. आधी दिलेली पोटगी मात्र परत मागू दिली नाही.

त्याच सुमारास एक मुलगाच बापाच्या शोधात कोर्टात उभा होता. रोहित शेखर यांनी 2008 मध्ये काँग्रेस नेते नारायण दत्त तिवारींविरुद्ध दावा लावला. चार वर्षं टाळाटाळ झाली. अखेर 2012 मध्ये तिवारींचं रक्त घ्यावं लागलं आणि पितृत्व सिद्ध झालं.

पुढे न्यायालय पुन्हा सावध झालं. 2023 मध्ये पुण्यातल्या एका घटस्फोटाच्या खटल्यात, आईच्या कथित व्यभिचाराचा पुरावा म्हणून मुलाची चाचणी करायला नकार मिळाला. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, कलम 116 म्हणून, 280 दिवस कायम राहिले.

जर्मनीत बापाला शंकेचं कारण कळल्यापासून दोन वर्षांत पितृत्वाला आव्हान द्यावं लागतं. आपल्याकडे अशी स्वतंत्र मुदत नाही. म्हणून पोटगीची नोटीस आली की कित्येक वर्षं बाबा म्हणवून घेतलेल्या माणसाला अचानक संशय येऊ शकतो. जन्माचे दिवस कायद्याने मोजले. आता संशयालाही मुदत घालायला हवी.