घाट आणि दर्या यांच्यामधला सिंधुदुर्ग

इंदिरानगरात राहणाऱ्या आम्हा नाशिककरांना नदी म्हणजे गोदावरी. त्र्यंबकेश्वरला उगम पावते तेव्हा अरबी समुद्र शंभर किलोमीटरच्या आत असतो, पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेकडे 1465 किलोमीटर चालत जाते. सिंधुदुर्गातल्या नद्यांना एवढी सवड नाही. कर्ली, गड, तेरेखोल या सह्याद्रीवरून उतरतात आणि लगेच खाडी होऊन दर्याला मिळतात. हा जिल्हा समजून घ्यायचा तर सुरुवात या उतारापासूनच करावी लागते.

1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा. उत्तरेला वाघोटण खाडी, दक्षिणेला गोवा, पूर्वेला घाटमाथा आणि पश्चिमेला सुमारे 120 किलोमीटरचा किनारा. आंबोलीचा घाट राज्यातल्या सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणांपैकी एक आहे, तरी एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांवर पाण्याची ओढाताण असते. कारण जमीन जांभ्याची. तांबडा, सच्छिद्र दगड. पाणी वाहून तरी जाते, नाही तर झिरपून जाते. म्हणून भात खालच्या मळ्यांत आणि वर उघडा सडा, म्हणजे कातळाचे पठार. देवगडच्या बागायतदारांनी याच सड्यावर सुरुंग लावून खड्डे केले, बाहेरून माती आणून भरली आणि हापूसची कलमे जगवली. आज जगभर नाव असलेला तो आंबा मुळात कातळाशी घेतलेली झुंज आहे.

या किनाऱ्याचे मोल शिवाजी महाराजांनी ओळखले. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर 1664 च्या नोव्हेंबरात सिंधुदुर्गाच्या बांधकामाला सुरुवात झाली आणि 1667 मध्ये किल्ला पुरा झाला. होडीतून जाताना तट दिसतो, पण दरवाजा सापडत नाही. दोन बुरुजांच्या आड वळल्यावरच तो समोर येतो. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, चारी बाजूंनी खारे पाणी असताना. उत्तरेला विजयदुर्ग आंग्र्यांच्या आरमाराचा आधार होता. 1756 मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांवर चाल केली, आरमार जळाले आणि मराठ्यांची समुद्रावरची ताकद खचली. त्याची किंमत पुढे सगळ्यांनाच मोजावी लागली.

किल्ल्यांइतकीच इथली रापण पाहण्यासारखी आहे. होडी जाळे घेऊन दर्यात अर्धवर्तुळ काढते आणि किनाऱ्यावर दोन रांगा दोन्ही टोकांचे दोर ओढू लागतात. वाळूत टाचा रोवून, एका तालात, जाळे पायाशी येईपर्यंत. मग मासळीचे वाटे पडतात आणि दोर ओढणाऱ्यालाही त्याचा वाटा मिळतो. यांत्रिक पर्ससीन नौकांशी या पारंपरिक मच्छीमारांचा जो झगडा चालू आहे, तो या वाट्याच्या हक्कासाठीच आहे.

अशी श्रीमंत भूमी, तरी माणसे बाहेर. शेत तुटपुंजे, कारखाने नाहीत. तेव्हा घरटी एक चाकरमानी मुंबईला. गिरणगाव याच माणसांनी भरला आणि गावचे घर मनीऑर्डरवर चालले. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, गावी येणे सोपे झाले. पण 2001 ते 2011 या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या 8 लाख 69 हजारांवरून 8 लाख 50 हजारांवर घसरली. वेल्सच्या किनाऱ्यावरचा केरेडिगियन हा ग्रामीण परगणाही असाच आहे: डोंगर, समुद्र, स्वतःची भाषा जपणारे लोक आणि 2011 नंतरच्या दशकात घटलेली वस्ती. निसर्ग सुंदर आहे एवढ्याने तरुण गावात थांबत नाहीत, हे दोन्हीकडे सारखेच खरे आहे.

2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. त्यांत आपल्या नाशिक जिल्ह्याचा साल्हेर आहे, तसेच सिंधुदुर्ग आणि विजयदुर्गही. गर्दी आता वाढणार. माझी विनंती एवढीच की किल्ला पाहून त्याच संध्याकाळी गोव्याकडे निघू नका. खाडीकाठच्या एखाद्या घरी दोन दिवस राहा, जत्रा असेल तर देवळापुढचा दशावतार बघा, कुडोपीची कातळशिल्पे पाहा, मासळी रापणीच्या माणसांकडून घ्या. तुमचा पैसा गावातल्या हातांत पडला, तर त्या घरातल्या एखाद्या मुलाला मुंबईची गाडी पकडावी लागणार नाही.