परवाना असला तरीही

हैदराबादेत निवडणूक जाहीर झाली म्हणजे परवानाधारकांनी आपापली शस्त्रे ठाण्यात जमा करावीत, असा पोलीस आयुक्तांचा आदेश निघतो. निवडणूक आटोपली की ती ज्याची त्यास परत मिळतात. यात कोणी अपमान मानीत नाही. परंतु निवडणूक नसतानाही एखाद्या विशिष्ट मनुष्याची बंदूक काही काळ काढून घेता येते, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

1959 चा शस्त्र कायदा 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आहे. अमक्यापाशी शस्त्र राहू देणे सार्वजनिक शांततेस वा सुरक्षिततेस धोक्याचे आहे, असे मानण्यास कारण असल्यास, 22 व्या कलमान्वये दंडाधिकारी आपली कारणे लिहून ठेवून त्याच्या घराची झडती घेववू शकतो; आणि सापडलेले शस्त्र आवश्यक वाटेल तितका काळ ताब्यात ठेवू शकतो. परवाना असला तरीही! गुन्हा घडेपर्यंत थांबण्याची आवश्यकता नाही. 17 व्या कलमान्वये परवाना देणारा अधिकारीही तो स्थगित वा रद्द करू शकतो. त्याविरुद्ध सामान्यतः अपिलाची सोय आहे. अमेरिकेत असा कायदा प्रथम कनेक्टिकट राज्याने 1999 मध्ये केला. आपल्याकडे ही तरतूद त्याहून कितीतरी जुनी आहे.

कायदा असूनही अनर्थ का घडतात? डिसेंबर 2020 मध्ये, एके काळी हैदराबाद संस्थानात असलेल्या आदिलाबाद शहरी, मुलांच्या क्रिकेटवरून वाढलेल्या भांडणात एका माजी उपनगराध्यक्षाने आपल्या परवान्याच्या शस्त्रातून गोळ्या झाडल्या. तिघे जखमी झाले. त्यांतील एक पुढे दगावला. न्यायालयाने जन्मठेप दिली. पण गेलेला जीव परत आला नाही.

आपल्या खेड्यांतही पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक बाळगणारी घरे आहेत. ती बहुधा सरळमार्गी माणसांची असतात. परंतु घरचा कर्ता दारूच्या भरात धमक्या देऊ लागला, वा बांधाच्या तंट्याने त्याचा विवेक सुटू लागला, तर प्रथम कोणास कळते? पत्नीस, मुलांस, शेजाऱ्यांस. दंडाधिकाऱ्यास ते स्वप्नात दिसत नाही! लोकलज्जेस्तव गप्प बसणे ही माया नव्हे. वेळीच ठाण्यात खरे तेवढेच सांगावे. सूड उगवण्यासाठी मात्र कधीही खोटी तक्रार करू नये.

बंदूक ठाण्यात ठेवली तर ती परत आणता येते. सुटलेली गोळी परत आणता येत नाही.