सुट्टी, रांग आणि मुलांना दिलेला शब्द

शाळांच्या सुट्ट्या जवळ आल्या की नागपुरातील व्यापारी घरांत एक विषय हमखास निघतो. वर्गातील कोणी मित्र खोपोलीच्या इमॅजिकाला जाऊन आलेला असतो, कोणी अमरावती मार्गावरील फन अँड फूड व्हिलेजमधील घसरगुंड्यांचे वर्णन करीत असतो. 'आपण कधी जायचे?' हा प्रश्न मग रात्री घरात विचारला जातो. आई तयार असते, आजीला गर्दीची धास्ती वाटते, वडिलांच्या डोळ्यांपुढे दुकानातील गिऱ्हाईक असते. बहुधा निर्णय न होताच विषय संपतो. नाही तर मुलांच्या हट्टापुढे मान तुकवून नेमका सर्वांत गर्दीचा दिवस निवडला जातो आणि सारे कुटुंब थकून, चिडून परतते. माल भरण्यापूर्वी व्यापारी जो हिशेब सहज करतो, तोच येथे केला तर हे दोन्ही टाळता येते.

सर्वांना एकाच वेळी मिळणारी सुट्टी

दिल्लीचे अप्पू घर १९८४ मध्ये सुरू झाले आणि भारतात अशा उद्यानांचे युग आले. १९८९ मध्ये मुंबईत गोराईला एस्सेल वर्ल्ड उघडले, १९९८ मध्ये त्याच्या शेजारी वॉटर किंगडम आले आणि २०१३ मध्ये इमॅजिका सुरू झाले. नागपूरकरांच्या एका पिढीच्या आठवणीत अंबाझरीजवळचे क्रेझी कॅसल आहे. आज ते इतिहासजमा झाले आहे. पूर्वी मुंबईचे उद्यान म्हणजे नागपूरच्या मुलांना ऐकीव गोष्ट होती. समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग पूर्ण झाला. तेव्हापासून स्वतःच्या मोटारीने खोपोली गाठण्याचा विचार अनेक घरांत होऊ लागला आहे.

रस्ता सोयीचा झाला, पण सुट्टीचे दिवस वाढले नाहीत. लक्ष्मीपूजनापर्यंत इतवारी, गांधीबाग आणि सीताबर्डीच्या बाजारांत मान वर करायला फुरसत नसते. त्यानंतर अनेक पेढ्या लाभपंचमीच्या मुहूर्तावरच पुन्हा व्यवहार सुरू करतात. मधले तीन-चार दिवस हीच व्यापारी कुटुंबाची खरी सुट्टी. परंतु तीच सुट्टी गुजरातेतील, मुंबईतील आणि पुण्यातील व्यापाऱ्यांनाही त्याच दिवशी मिळते, आणि शाळाही तेव्हाच बंद असतात. नाताळ ते नववर्ष या आठवड्याचेही तसेच आहे. गर्दी होते ती सर्वांच्या मोकळ्या दिवसांची गाठ पडल्यामुळे.

रांगेचे गणित

समजा, एका पाळण्यात २४ आसने आहेत आणि बसणे, फेरी व उतरणे मिळून ५ मिनिटे लागतात. म्हणजे तासाला १२ फेऱ्या आणि २८८ माणसे. पुढे ५७६ जणांची रांग असेल, तर शेवटच्या माणसाला बरोबर दोन तास उभे राहावे लागेल. प्रत्यक्ष फेरी मात्र दोन-अडीच मिनिटांची. प्रवेशद्वारावर कितीही हसून स्वागत झाले, तरी हे गणित बदलत नाही.

रांगांचा शास्त्रीय अभ्यास कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणितज्ञ ए. के. एर्लांग याने केला. त्याचा पहिला निबंध १९०९ चा आहे. पुढे याच अभ्यासातून रांगांचे शास्त्र वाढले. त्यातील सर्वांत साध्या, एका खिडकीच्या रांगेचे सूत्र असे: खिडकीची क्षमता निम्मी वापरली जात असेल, तर एका ग्राहकाचे काम व्हायला जितका वेळ लागतो, सरासरी तितकेच थांबावे लागते. वापर ८० टक्के झाला की चौपट, ९० टक्क्यांना नऊपट आणि ९५ टक्क्यांना एकोणीसपट! महिन्याच्या पहिल्या तारखेला बँकेत उभ्या राहिलेल्या प्रत्येकाने हा अनुभव घेतलेला असतो. शेवटची थोडी माणसेच रांग असह्य करतात.

म्हणून गर्दीचा दिवस आणि त्याच्या आठवडाभर नंतरचा दिवस यांत माणसे थोडी कमी झाली, तरी थांबण्याचा वेळ कितीतरी अधिक कमी होतो. दिवस बदलणे हा या प्रश्नावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

नामांकित नियोजनही गर्दीपुढे हरते. कॅलिफोर्नियातील डिस्नीलँडचे उद्घाटन १७ जुलै १९५५ रोजी झाले. निमंत्रितांखेरीज बनावट तिकिटे घेऊन असंख्य लोक शिरले आणि सुमारे २८ हजारांची गर्दी झाली. पिण्याच्या पाण्याची सोय अपुरी पडली. नव्या रस्त्यांवरील डांबर उन्हाने मऊ पडून त्यात स्त्रियांच्या पादत्राणांच्या टाचा रुतल्या. पुढे त्याच संस्थेने रांगा आवरण्यासाठी वेळ राखून ठेवण्याच्या पद्धती आणल्या. रांग नाहीशी मात्र झाली नाही.

तिकिटाचा दर आणि खरी किंमत

समजा, चौघांच्या तिकिटांना ४,८०० रुपये लागले. मोकळ्या दिवशी १२ खेळ खेळता आले, तर कुटुंबाला एक खेळ ४०० रुपयांना पडला. गर्दीच्या दिवशी पाचच झाले, तर तोच खेळ ९६० रुपयांना पडतो. शिवाय सणासुदीला अनेक ठिकाणी तिकीट आणि निवास या दोहोंचे दर चढलेले असतात. कमी माल अधिक भावाने घेणारा व्यापारी बाजारात टिकत नाही. सुट्टीत मात्र तोच हा व्यवहार हसत करतो.

या हिशेबात न दिसणारी आणखी एक रक्कम आहे. दुकानदार वडिलांचा पूर्ण दिवस मुलांच्या वाट्याला वर्षातून मोजक्या वेळा येतो. तो दिवस दोन-दोन तासांच्या रांगांत गेला, तर वडील भ्रमणध्वनीवर दलालाशी किंवा मुनीमजींशी बोलत राहतात, आई पिशव्या सांभाळते आणि मुले पुढच्याच्या पाठीकडे पाहत उभी राहतात. मुलांना पाळणा हवा असतो हे खरे. पण त्या पाळण्यात शेजारच्या आसनावर वडीलही हवे असतात. निर्णय घेताना हा खर्च मांडला पाहिजे.

सुरक्षिततेशी तडजोड नको

काही बाबतींत मात्र हिशेबाला जागाच नाही. २५ मे २०२४ हा उन्हाळी सुट्टीतील शनिवार होता. राजकोटच्या टीआरपी गेम झोनमध्ये सवलतीच्या ९९ रुपयांच्या तिकिटामुळे गर्दी उसळली होती. आग लागली आणि २७ जणांचा जीव गेला. त्यांत लहान मुलेही होती. त्या ठिकाणाकडे अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र नव्हते. गुजरात उच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी या घटनेची स्वतःहून दखल घेतली आणि ही आपत्ती सकृद्दर्शनी मानवनिर्मित असल्याचे म्हटले. स्वस्त तिकीट आणि गर्दीचा दिवस यांची सांगड दिसली की पालकांनी दुप्पट सावध व्हावे.

कोठेही गेल्यावर पहिली पाच मिनिटे पाहणीसाठी ठेवावीत. बाहेर पडण्याचे मार्ग किती आहेत आणि ते खरोखर उघडे आहेत का, हे पाहावे. बंद सभागृहातील खेळांच्या बाबतीत ते अधिक आवश्यक आहे. उंचीची अट असलेल्या खेळात 'एवढ्याने काय होते' म्हणून मुलाला घुसवू नये. कमरेचा पट्टा सैल वाटला तर कर्मचाऱ्याला थांबवून दाखवावा. लहान मुलाच्या खिशात पालकांचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी आणि चुकामूक झाल्यास कोठे भेटायचे, ते आत शिरतानाच ठरवावे. पाण्याच्या उद्यानात मोठ्यांपैकी एकाने केवळ मुलांवर लक्ष ठेवण्याचे काम घ्यावे व ते पाळीपाळीने बदलावे.

नागपूरचा उन्हाळा हा स्वतंत्र विषय आहे. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली होती. अशा दिवसांत पाण्यात असलो तरी डोक्यावरचे ऊन कमी होत नाही, आणि रांग बहुधा उन्हातच असते. मे महिन्यात जायचेच असेल तर दार उघडताच आत जावे, दुपारी सावलीत राहावे आणि आजी-आजोबांना या दिवसांत आग्रह करू नये.

आहार, पाणी आणि सूर्यास्त

जैन कुटुंबाच्या नियोजनात आणखी एक घड्याळ असते. दिवाळी ते नाताळ या काळात नागपुरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास किंवा त्याही आधी मावळतो. घरात कोणाचा चउविहार असेल, तर पाचच्या आत जेवण उरकले पाहिजे. त्या वेळी उपाहारगृहापुढेही रांग असते, हे विसरू नये. सकाळी दहाला आत शिरलेल्या कुटुंबाचा दिवस अशा रीतीने आणखी आखूड होतो.

अनेक उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ नेऊ देत नाहीत. कांदा, लसूण आणि कंदमुळे वर्ज्य असलेले जेवण मिळेल का, उकळलेले पाणी सोबत नेता येईल का, हे तिकीट काढण्यापूर्वी दूरध्वनीवर विचारावे आणि सांगणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे. दारावर वाद घालण्यापेक्षा हे सोपे आहे. खाकरा, दशमी, सुका मेवा मोटारीत ठेवावा. हातावर शिक्का मारून बाहेर जाऊन परत येऊ देतात का, तेही विचारावे. नियम पाळणाऱ्या आजीला दिवसभर उपाशी ठेवून आलेली सहल घरात कोणालाच गोड लागत नाही.

विदर्भाला मिळालेली सवलत

या साऱ्या अडचणींतून नागपूरकरांना एक वाट आहे आणि तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. कडक उन्हाळ्यामुळे राज्य मंडळाच्या विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर उघडतात. मुंबई-पुण्याकडे १५ जूनच्या आसपास शाळेची घंटा वाजते. विदर्भात ती जूनच्या अखेरीस वाजते. मधल्या आठवडाभरात आपली मुले मोकळी असतात आणि तिकडची मुले वर्गात बसलेली असतात. त्या काळातील मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार निवडला, तर दिवाळीच्या मानाने रांग फार लहान मिळेल.

व्यापाऱ्यालाही हे दिवस बरे पडतात. लग्नसराई ओसरलेली असते आणि सणांचा हंगाम दूर असतो. चातुर्मास आषाढ शुद्ध चतुर्दशीला, म्हणजे सहसा जुलैत, सुरू होतो. त्यानंतर अनेक घरांत प्रवासावर मर्यादा येतात. त्यापूर्वीची ही सोयीची वेळ. खोपोलीकडे जूनअखेर सूर्यास्तही सातनंतर होतो, त्यामुळे संध्याकाळच्या जेवणाची घाई उरत नाही.

अर्थात दोन गोष्टी पाहाव्या लागतील. कोकणात तोवर पाऊस सुरू झालेला असतो. जोराच्या पावसात किंवा विजा चमकत असताना उघड्यावरचे खेळ थांबवितात, आणि घाटात वाहन जपून हाकावे लागते. केंद्रीय मंडळाच्या शाळांचे वेळापत्रक वेगळे असू शकते. म्हणून शाळेचे दिनदर्शक हाती आल्यावरच तिकीट काढावे.

'नाही' म्हणायचे असेल तर

कधी प्रकृती, कधी दुकान, कधी पैसा आड येतो आणि या सुट्टीत न जाणेच योग्य ठरते. मुलांना त्याचे कारण खरे सांगावे. 'पुढे पाहू' हे मात्र सांगू नये. जुन्या पेढ्यांवर दर्शनी हुंडी आणि मुद्दती हुंडी असे दोन प्रकार चालत. पहिली दाखविताच पैसे मोजायचे, दुसरीचे ठरलेल्या मुदतीला. दोन्हींत सावकाराची पत पणाला लागलेली असे. आज नेता येत नसेल, तर मुलाला मुद्दती हुंडी द्यावी, म्हणजे तारीख सांगावी. तारीख नसलेला शब्द दोन-तीनदा ऐकला की मुले तो मोजायचे सोडून देतात, आणि घरातील ती पत पुन्हा मिळवायला फार काळ लागतो.

मधल्या दिवसांसाठी नागपुरातच पुष्कळ आहे. गोरेवाड्याच्या प्राणी उद्यानातील भारतीय सफारी २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली. मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे. १९९२ मध्ये सुरू झालेल्या रमण विज्ञान केंद्रात मुलांना उपकरणे स्वतः हाताळता येतात. ज्या चंद्रशेखर व्यंकट रमण यांचे नाव त्याला दिले आहे, ते वित्त खात्यातील अधिकारी म्हणून काही काळ नागपुरात नोकरीस होते, हे हिशेबाच्या वह्यांत वाढणाऱ्या मुलांना आवर्जून सांगावे. रामटेकचे शांतिनाथ मंदिर आणि परिसर एका दिवसात पाहून परतता येते. मात्र ही स्थळे उद्यानाच्या बदल्यात दिली असे मुलांना भासवू नये. त्यांनी मागितले ते वेगळे आहे, हे त्यांना कळते.

निर्णय घेताना मुलांनाही बैठकीत घ्यावे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला २४ आसने आणि ५ मिनिटांचे गणित सहज सुटते. दिवाळीतील पाच खेळ की जूनमधील बारा, असे दोन पर्याय त्याच्यापुढे ठेवले, तर तो बहुतेक वेळा शहाणपणाने निवड करतो, आणि स्वतः निवडल्यामुळे थांबण्याची कुरकूरही करीत नाही. आजीची धास्ती, आईची हौस, वडिलांची अडचण या प्रत्येकात काही तथ्य असते; ते सर्वांसमोर मांडले गेले की कोणा एकाचा हट्ट उरत नाही.

तारीख ठरली की ती भिंतीवरील दिनदर्शिकेत मुलाच्याच हातून लिहून घ्यावी. त्या दिवसापुरती दुकानाची जबाबदारी भावाकडे किंवा विश्वासू मुनीमजींकडे आधीच सोपवावी आणि भ्रमणध्वनी आईच्या पिशवीत ठेवून द्यावा.