कायदा दिल्लीचा, खेटे इंदूरचे

इंदूरच्या राजवाड्यातल्या होळकरांना ६ जानेवारी १८१८ च्या मंदसौर तहानंतर परक्या दरबारांशी थेट बोलणी करण्याची मुभा उरली नाही. घरचा कारभार होळकरांचा, बाहेरच्यांशी व्यवहार इंग्रजांचा. पुढे संस्थान गेलं, इंग्रजांची रेसिडेन्सीही गेली. वाटणीचा कित्ता मात्र राहिला.

राज्यघटनेच्या केंद्रसूचीत १७ वी नोंद नागरिकत्वाची आणि परदेशी व्यक्तींची, १९ वी नोंद देशात येण्याची, देशाबाहेर घालवण्याची, पासपोर्टची आणि व्हिसाची. पोलीस मात्र राज्यसूचीत. म्हणजे कोणी राहायचं ते दिल्ली ठरवते, आणि तो माणूस कुठल्या गल्लीत राहतो ते ठाण्यातल्या हवालदाराला ठाऊक असतं.

इंदूरला हे पुस्तकात वाचावं लागत नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं इथे स्थिरावली, आणि मागे राहिलेले त्यांचे नातलग पुढेही येत राहिले. आधी साधा व्हिसा, मग ‘एलटीव्ही’ म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा, मग त्याची मुदतवाढ. अटारीची सीमा एकदाच ओलांडायची असे. कचेरीचे खेटे वर्षानुवर्षं घालावे लागतात. २०१६ च्या जुलैपर्यंत बँकेत खातं, राहण्यापुरतं घर, वाहन परवाना या गोष्टीही अडून राहत. त्या महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांसाठी हे नियम सैल केले.

त्याच वर्षी डिसेंबरात नागरिकत्व कायद्याच्या १६ व्या कलमाखाली काही निवडक जिल्हाधिकाऱ्यांना केंद्राने स्वतःचा अधिकार सोपवला. त्यांत इंदूर आणि भोपाळ होते, तसेच मुंबई, पुणे, ठाणे आणि नागपूरही. एका परीने हे मुखत्यारपत्रच. अर्ज ऑनलाइन, चौकशी पोलिसांची आणि गुप्तचर यंत्रणेची, शपथ आणि प्रमाणपत्र इंदूरच्या कलेक्टर कचेरीत. अधिकार मात्र उसना, दिल्लीचा.

मुखत्यार नको असेल तर? २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याला केरळसारख्या राज्यांनी उघड विरोध केला. ११ मार्च २०२४ ला त्याचे नियम आले तेव्हा केंद्राने कलेक्टरला बाजूला ठेवून जिल्हा समितीच्या प्रमुखपदी टपाल अधीक्षक बसवले, आणि राज्याच्या समितीवर जनगणना संचालक. दोन्ही खाती केंद्राची! नागरिकत्वाची कागदपत्रं पोस्टात तपासली जातील असं कोणाच्या स्वप्नातही आलं नसेल, पण राज्याला वळसा घालण्याची ही युक्ती चतुर होती, हे मान्य करावं लागतं. मात्र हा रस्ता ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांचाच. नंतर आलेल्यांना जुनी वाटच धरावी लागते.

परत पाठवायची वेळ आली की टपाल खातं कामाचं नाही. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर केंद्राने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द केले. उपचारांसाठी आलेल्यांना २९ पर्यंत मुदत दिली. केंद्रीय गृहमंत्री अमित शाह यांनी मुख्यमंत्र्यांना फोन केले, कारण माणूस शोधायचा तर राज्याचेच पोलीस लागतात. पाकिस्तानी हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील, हा खुलासाही दिल्लीनेच केला. त्या दिवसांत इंदूरच्या सिंधी वस्त्यांना या एका वाक्याचा केवढा आधार वाटला असेल!

अमेरिकेत हीच ओढाताण कोर्टात चालते. ॲरिझोना राज्याच्या २०१० च्या स्थलांतर कायद्यातली आव्हान दिलेली चारपैकी तीन कलमं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केली. पकडलेल्या माणसाबद्दल संशय असेल तर त्याच्या वास्तव्याची चौकशी करण्याची पोलिसांवरची सक्ती तेवढी टिकली. आपल्याकडे राज्यांनी असे कायदे करण्याचा प्रश्नच येत नाही, केंद्रसूची आडवी येते.

१ सप्टेंबर २०२५ पासून चार जुन्या कायद्यांच्या जागी ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट’ लागू झाला आहे. तेव्हा राजवाडा-सराफा बघायला आलेल्या परदेशी पाहुण्याला खोली भाड्याने देणार असाल, तर त्याची ऑनलाइन नोंद २४ तासांच्या आत करायला विसरू नका.