हिटलरचा मृत्यू आणि अफवांचा काळाबाजार

३० एप्रिल १९४५ रोजी बर्लिनमधील भूमिगत तळघरात हिटलरने आत्महत्या केली. तरीही तो अर्जेंटिनात निसटल्याची वदंता आजवर टिकून आहे. का? मे १९४५ मध्येच रशियनांना त्याच्या दातांची ओळख पटली होती. परंतु जुलैत पॉट्सडॅम येथे स्टालिनने तो जिवंत असावा, असे सुचविले. १९६८ साली बेझिमेन्स्की यांनी प्रसिद्ध केलेल्या शवचिकित्सेच्या अहवालात गोळीऐवजी विषाचे कारण होते. २००९ मध्ये मॉस्कोतील कवटीचा तुकडा स्त्रीचा ठरल्याचे अमेरिकी संशोधकांनी सांगितले. अखेर २०१८ मध्ये फ्रेंच तज्ज्ञांनी दात तपासून मृत्यूची ग्वाही दिली. धान्य दडविले की काळाबाजार फोफावतो. सत्य दडविले की अफवा. किंमत मात्र दोन्हीकडे सामान्य नागरिकच मोजतो.