तोंड वाकडं झालं? आधी कपाळ बघा!

बॉसचा मेल वाचून तोंड वाकडं करणं हा आपला रोजचा उद्योग. पण ते खरोखरच वाकडं झालं तर? वयाच्या २९ व्या वर्षी माझं झालं. सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. उजवा डोळा मिटेना. घरात एकच शब्द : लकवा! शेजारच्या काकूंचं निदानही तयार : 'एसीचं वारं लागलं!'

तासाभरात आम्ही हॉस्पिटलात. न्यूरोलॉजिस्ट म्हणाल्या, "भुवया वर करा बघू." डावीकडे आठ्या पडल्या, उजवं कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट! सगळं रहस्य त्या आठ्यांत होतं.

फंडा असा. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात. म्हणून स्ट्रोकमध्ये सहसा तोंडाचा खालचा भाग लोंबतो, कपाळ मात्र हलतं. कपाळासकट अख्खी अर्धी बाजू बंद पडली, तर गडबड बहुधा मेंदूबाहेरच्या सातव्या नसेत. हीच 'बेल्स पाल्सी'. स्कॉटिश सर्जन चार्ल्स बेल (१७७४-१८४२) यांच्यावरून हे नाव पडलं.

पण डॉक्टर तेवढ्यावर थांबल्या नाहीत. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या असतात. बाकीच्या ठणठणीत आहेत ना, हे बघायलाच हवं. मग सुरू झाली परेड! डोळे मिटून कॉफीचा वास (पहिली). बोटं मोजा (दुसरी). बुबुळावर टॉर्च, मग डोकं न हलवता पेनामागे नजर (तिसरी, चौथी, सहावी). गालावर कापूस, दात घट्ट आवळणं (पाचवी). गाल फुगवा, दात दाखवा (सातवी, इथे मी नापास!). कानाशी ट्यूनिंग फोर्क (आठवी). 'आ' करा (नववी, दहावी). खांदे उडवा (अकरावी). जीभ बाहेर (बारावी). ना महागडं मशीन, ना सुई!

बाकी ११ पास. हातापायांत ताकद, बोलणं स्पष्ट, कानात फोड नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या, कारण त्या ७२ तासांच्या आत घेतल्या तर जास्त फायदा होतो. न मिटणारा डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होऊ शकते, म्हणून दिवसा ड्रॉप्स, रात्री पट्टी. बहुतेक लोक काही आठवड्यांत ते महिन्यांत बरे होतात. मला दोन महिने लागले. तोवर मीटिंगमध्ये माझं हसू फिफ्टी-फिफ्टी!

मात्र आरशासमोर स्वतःच डॉक्टर होऊ नका. क्वचित स्ट्रोकमध्येही कपाळ सुटत नाही. तोंड अचानक वाकडं झालं, त्यात हात लुळा, बोबडं बोलणं, दोन-दोन दिसणं किंवा तोल जाणं असेल, तर थेट १०८ फिरवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात. त्यामुळे मालिश, घरगुती काढे आणि 'संध्याकाळपर्यंत बघू' हे तिन्ही बाद. डेडलाइन पाळायची सवय आपल्याला आहेच. ही चुकवू नका!