पाहुणे शब्द, घरची अक्षरं

जपानी शिकायला बसलेला मराठी विद्यार्थी पहिल्या काही तासांतच चमकतो. फळ्यावर स्वर लिहिले जातात : अ, इ, उ, ए, ओ. मग व्यंजनांच्या ओळी येतात : क, स, त, न, ह, म, य, र, व. क्रम ओळखीचा वाटतो, फक्त ‘स’ आणि ‘ह’ भलत्याच जागी दिसतात. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की, जुन्या जपानीत ‘स’चा उच्चार ‘च’च्या जवळचा असावा आणि ‘ह’चा ‘प’च्या. आता पुन्हा म्हणून पाहा : क, च, त, न, प, म, य, र, व. लहानपणी पाटीवर गिरवलेली मुळाक्षरंच ही! जपानीत जे उच्चार नाहीत, ते तेवढे गाळले आहेत.

हा योगायोग नाही. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत मंत्र चीनमार्गे जपानात पोचले, ते सिद्धम् लिपीत. कूकाई नावाचा भिक्षू ८०४ साली चीनला गेला, ८०६ मध्ये परतला. त्याने स्थापलेल्या शिंगोन पंथात या लिपीचा कसून अभ्यास झाला. तिच्यातली उच्चारांची मांडणी भिक्षूंनी आपल्या भाषेला लावली आणि आजचे जपानी शब्दकोश त्याच क्रमाने चालतात. भारतात सिद्धम् कधीच व्यवहारातून गेली. जपानात मात्र थडग्यांमागे उभ्या केलेल्या लाकडी फळ्यांवर ती अजूनही लिहिली जाते.

चहूबाजूंनी समुद्र, एकजिनसी समाज, हजारो वर्षं जशीच्या तशी राहिलेली संस्कृती, असं जपानचं चित्र आपल्या मनात पक्कं आहे. अनेक जपान्यांनीही ते हौसेने जपलं. इतिहास जवळून पाहिला की, मला या चित्रापेक्षा कितीतरी मोलाची गोष्ट दिसते. बाहेरून आलेल्या वस्तूला घरचं वळण लावण्याची चिकाटी हीच जपानची खरी कमाई आहे.

एका वाक्यात तीन लिप्या

चिनी अक्षरं जपानात आली ती मुख्यतः कोरियामार्गे, साधारण पाचव्या शतकात. अडचण मोठी होती. चिनी शब्दांना प्रत्यय लागत नाहीत. जपानी क्रियापदाच्या शेवटी प्रत्ययांची माळ असते. एका भाषेचं माप दुसरीच्या अंगाला बसेना. मग भरभर लिहिताना मोडत, वळत गेलेल्या चिनी अक्षरांतून हिरागाना ही लिपी तयार झाली. भिक्षूंनी ग्रंथांच्या ओळींशेजारी खुणा करताना अक्षरांचे तुकडे वापरले, त्यातून काताकाना आली. दरबारी पुरुषांची प्रतिष्ठा चिनी लिखाणात होती, म्हणून हिरागाना बायकांची लिपी मानली गेली. त्याच लिपीत मुरासाकी शिकिबू हिने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘गेंजी मोनोगातारी’ ही कादंबरी लिहिली. जपानी साहित्याचं शिखर म्हणून आज तिचंच नाव घेतलं जातं.

आजच्या जपानी वाक्यात या तिन्ही लिप्या शेजारी-शेजारी बसतात. शब्दाचं मूळ बहुतेक वेळा चिनी अक्षरात, प्रत्यय हिरागानात आणि परदेशांतून आलेले शब्द काताकानात. पाहुणा कोण, हे डोळ्यांना लगेच कळतं.

गोव्याहून निघालेली वाट

१५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज उतरले आणि जपानने पहिल्यांदा त्यांच्या बंदुका पाहिल्या. सहा वर्षांनी, १५ ऑगस्ट १५४९ रोजी, ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला पोचला. तो निघाला होता गोव्याहून. त्याच्याबरोबर आंजिरो नावाचा जपानी होता. त्याचा बाप्तिस्मा आदल्या वर्षी गोव्यातच झाला होता. ख्रिस्ती देवाला जपानीत काय म्हणायचं, हा प्रश्न आला तेव्हा आंजिरोने शब्द सुचवला ‘दाइनिची’. हे महावैरोचन बुद्धाचं नाव, कूकाईच्या शिंगोन पंथाचं आराध्य. भारताकडून आलेली ही माणसं बौद्धांचाच एखादा पंथ असावीत, असं ऐकणाऱ्यांना वाटलं. घोटाळा लक्षात आल्यावर झेवियरने लॅटिन शब्द ‘देउस’ वापरायला सुरुवात केली.

धर्म तिथे फार टिकू दिला गेला नाही, शब्द टिकले. पोर्तुगीजांच्या ज्या शब्दाचा आपल्याकडे ‘पाव’ झाला, त्याचाच जपानात ‘पान’ झाला. त्या पानाचं पुढे काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. किमुरा यासुबेई या माजी सामुराईने १८६९ मध्ये टोकियोत बेकरी काढली. युरोपीय यीस्ट सहज मिळत नव्हतं. त्याने तांदूळ आणि कोजी (जपानी दारूसाठी वापरतात ती बुरशी) यांचं विरजण वापरून पीठ फुगवलं, आत लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण भरलं आणि झाला ‘आनपान’. ४ एप्रिल १८७५ रोजी तो सम्राट मेजींपुढे ठेवला गेला, तेव्हा वरच्या खळगीत खारवलेलं साकुराचं फूल होतं. नाव पोर्तुगीज, कल्पना युरोपची, आंबवण जपानी दारूच्या घराण्यातलं. जपानी मूल आनपान खाताना तो परका मानत नाही.

सगळी देवघेव इतकी गोड नव्हती. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर स्वाऱ्या केल्या आणि त्याच्या सरदारांनी तिथले कुंभार धरून आणले. त्यांच्यातल्या री सांपेईने आरिता इथे पोर्सेलीन घडवलं, असं मानलं जातं. जगभर जपानचं म्हणून मिरवलेल्या त्या भांड्यांत परागंदा केलेल्या माणसांचे हात आहेत. हे ऋण मोकळेपणी मानायलाच हवं.

फटीतून आलेला उजेड

१६३९ मध्ये पोर्तुगीजांना हाकललं गेलं. १६४१ पासून युरोपीयांपैकी फक्त डचांना जागा राहिली, तीही नागासाकी बंदरातल्या देजिमा या पंख्याच्या आकाराच्या छोट्या बेटावर. एवढ्याशा फटीतून पुस्तकं येत राहिली. १७७१ मध्ये सुगिता गेनपाकू आणि त्याचे सोबती डच शरीरशास्त्राचं पुस्तक घेऊन एका मृतदेहाचं विच्छेदन पाहायला गेले. पुस्तकातली चित्रं आणि समोरचं शरीर तंतोतंत जुळत होतं. डच भाषा त्यांना जेमतेम येत होती, तरी तीन वर्षं झटून त्यांनी भाषांतर पुरं केलं. ‘नर्व्ह’साठी शब्दच नव्हता, तो त्यांनी घडवला : ‘शिनकेई’. आजही जपानी डॉक्टर हाच शब्द वापरतो.

मेजी काळात या टाकसाळीने वेग घेतला. ‘समाज’, ‘तत्त्वज्ञान’ अशा पाश्चात्त्य कल्पनांसाठी चिनी अक्षरं जुळवून शब्द पाडले गेले आणि त्यांतले कितीतरी पुढे चीननेच उचलले. राष्ट्रगीताचे शब्द हजार वर्षांपूर्वीचे, चाल १८८० मधली, तिचा स्वरमेळ फ्रान्झ एकर्ट या जर्मनाने बांधलेला. ‘बुशिदो’, म्हणजे सामुराईंची नीती, हा जपानचा आत्मा, असं जगाला सांगणारं गाजलेलं पुस्तक नितोबे इनाझो यांनी १९०० मध्ये इंग्रजीत लिहिलं; ते स्वतः ख्रिस्ती होते. आपण कोण, हे शोधतानाही जपानला बाहेरच्या आरशाची गरज पडली.

निवडायला बसलं की

अठराव्या शतकात मोतोओरी नोरिनागा या थोर अभ्यासकाने ‘चिनी मन’ बाजूला सारून अस्सल जपानी अंतःकरण शोधायचं ठरवलं. त्यासाठी त्याने आयुष्य वेचलं ते ‘कोजिकी’ या ७१२ सालच्या ग्रंथावर, आणि तो ग्रंथ चिनी अक्षरांतच लिहिलेला आहे! पुढे १८६८ मध्ये सरकारने शिंतो या जपानच्या मूळ धर्माचे देव आणि बुद्ध यांना वेगळं करण्याचा हुकूम काढला. हजार वर्षं एकाच आवारात पुजली गेलेली दैवतं तोडली गेली, मंदिरं पडली, मूर्ती जळाल्या. त्यांतलीच एक बेंझाइतेन, म्हणजे आपली सरस्वती, हातात बिवा हे तंतुवाद्य घेतलेली. एनोशिमा बेटावरचं तिचं ठाणं शिंतो देवालय झालं, तरी लोक आजही तिच्या दर्शनाला तिथे जातात. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरली, तेव्हा बेसबॉलच्या मैदानावरून ‘स्ट्राइक’ हा शब्द गेला, त्याजागी ‘योशी’ आला. खेळ मात्र चालू राहिला. शुद्धीकरणाच्या या प्रत्येक खटाटोपात जपानने आपल्याच अंगाचा तुकडा काढला, असं मला वाटतं.

आता माणसं

‘पान’ अजून काताकानात लिहितात. पण त्याच्याच मागोमाग आलेला ‘ताबाको’ हा शब्द दुकानांच्या पाट्यांवर हिरागानात दिसतो. तसा हुकूम कुणी काढला नव्हता. रोज तोंडात घोळवता घोळवता पाहुणा घरचा झाला.

जपानपुढचा आजचा प्रश्न शब्दांपेक्षा अवघड आहे. काम करणारे हात कमी पडतात म्हणून एप्रिल २०१९ पासून परदेशी कामगारांसाठी नवा व्हिसा सुरू झाला. आई किंवा वडील परदेशी असलेल्या, जपानातच वाढलेल्या मुलांना लोक ‘हाफु’ म्हणतात, आणि हा शब्द काताकानात लिहितात. पाहुण्याची खूण त्यांच्या कपाळावर राहतेच.

२३ जुलै २०२१ रोजी टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये ऑलिंपिकची ज्योत पेटवली ती टेनिसपटू नाओमी ओसाकाने. आई जपानी, वडील हैतीचे, वाढली अमेरिकेत. तिला जपानी म्हणावं का, यावर वाद झाले. पण जपानी वर्तमानपत्रांत तिचं नाव पाहा : ‘ओसाका’ चिनी अक्षरांत, ‘नाओमी’ हिरागानात.